हिमालयातील चरस आणि त्याचे मूळ वाण

चरस म्हणजे भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर धरलेली राळ, झाडापासून सुटी करून गोळा केलेली. या एकाच झाडापासून तीन माल होतात. पाने वाटून भांग होते, मादी झाडाचे वाळवलेले तुरे म्हणजे गांजा, आणि त्या तुऱ्यांवरची चिकट राळ तेवढी वेगळी काढली की चरस. भांग आणि गांजा महाराष्ट्रात पूर्वापार परिचित आहेत. चरस मात्र इकडे उत्तरेकडूनच येत राहिला, कारण तो देणारे झाड आणि तो काढण्याची रीत, दोन्ही हिमालयातली आणि त्यापलीकडची. हिमालयाच्या दक्षिण उतारावर हाताने चोळून काढला जाणारा हा चरस जगभर नावाजला गेला, त्याच्यावर कडक कायदे झाले, त्याच्या रसायनावर शंभर वर्षे संशोधन झाले. या सगळ्यात ज्या झाडापासून तो निघतो त्याची नोंद सर्वांत कमी घेतली गेली, आणि आज धोक्यात आहे ते तेच.

राळ तयार होते ती मादी फुलाला वेढणाऱ्या इवल्या पानांवरच्या ग्रंथीयुक्त केसांत. प्रत्येक केस म्हणजे बारीक देठ आणि त्याच्या टोकाला गोल डोके. डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. या डोक्यात राळ साठते. हे झाड राळ कशासाठी बनवते यावर एकमत नाही. किडीपासून बचाव, उंचावरच्या प्रखर अतिनील किरणांपासून संरक्षण, कोरड्या हवेत ओल टिकवणे अशी निरनिराळी कारणे सुचवली गेली आहेत. ताज्या राळेत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, जवळजवळ नसतेच. असते ते त्याचे आम्लरूप, आणि त्याने नशा येत नाही. उष्णता मिळाली की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. चरस चिलमीत ओढण्यामागचे रसायन एवढेच आहे.

राळ झाडापासून वेगळी करण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत, आणि त्यांनी जगाचे जणू दोन भाग केले आहेत. अफगाणिस्तान, लेबनॉनचे बेका खोरे आणि मोरोक्कोचा रिफ डोंगरपट्टा येथे झाड आधी पूर्ण वाळवतात, मग झटकून व बारीक कापडातून चाळून त्याची भुकटी काढतात. अफगाणिस्तानात या भुकटीला गर्दा म्हणतात. ती उष्णता व दाब देऊन मळली की वड्या होतात. ही पद्धत कोरड्या हवेत साधते. हिमालयाच्या दक्षिण उतारावर पावसाळा लांबतो, हवेत दमटपणा राहतो आणि झाड चाळण्याइतके सुकत नाही. म्हणून कुलू, कुमाऊँ आणि नेपाळात उभ्या, ओल्या झाडाचे तुरे दोन्ही तळहातांत धरून संथपणे चोळतात. राळ हाताला चिकटते, काळपट थर धरते, आणि तो थर खरवडून त्याच्या गोळ्या किंवा वळकट्या केल्या जातात. हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर. हे काम अत्यंत वेळखाऊ आहे. दिवसभर राबून एका माणसाच्या हाताला जेमतेम काही ग्रॅम चांगला माल लागतो. घाईने, जोर लावून चोळले तर वजन वाढते, पण राळेबरोबर पानांचा चोथा आणि हरितद्रव्यही येते, आणि माल हलका ठरतो. चोळण्याच्या या कामात खोऱ्यातल्या बायका आणि मुलेही असतात. चढ्या भावाचा मोठा वाटा मात्र त्यांच्या हाती पडत नाही.

१८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने भारतीय भांगेच्या औषधी गुणांवर पाश्चात्त्य वैद्यकातला पहिला सविस्तर निबंध सादर केला. त्यात राळ गोळा करण्याची आणखी एक रीत नोंदवली आहे: चामड्याचे कपडे घातलेली माणसे भांगेच्या शेतातून अंग घासत धावतात आणि मग चामड्यावरची राळ खरवडून घेतली जाते. नेपाळात चामड्याशिवाय उघड्या अंगानेच हे करतात असेही त्याने लिहिले. ही माहिती त्याला इतरांकडून मिळालेली होती. नंतरच्या असंख्य पुस्तकांत ती प्रत्यक्ष पाहिल्यासारखी उतरवली गेली. प्रमुख रीत मात्र हाताने चोळण्याचीच राहिली.

झाडाच्या ओळखीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले ते युरोपात वाखासाठी लावल्या जाणाऱ्या झाडावरून. पुढे १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली: अरुंद पानांची, अधिक फांद्यांची, वाखाला निरुपयोगी पण मादक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बियाण्यांच्या पाश्चात्त्य बाजाराने हीच नावे उचलली आणि उलटसुलट लावली. तिथे 'इंडिका' म्हणून विकले जाते ते रुंद पानांचे, बुटके अफगाण झाड, आणि भारतातले अरुंद पानांचे उंच झाड 'सटायव्हा'च्या खात्यात जाते. लामार्कने ज्या झाडाला इंडिका म्हटले ते बाजारात आज त्या नावाने ओळखलेच जात नाही.

या गोंधळातून सर्वांत नीट वाट काढली ती जॉन मॅकपार्टलँड आणि अर्नेस्ट स्मॉल या संशोधकांनी २०२० साली. त्यांच्या मांडणीत भांगेची जात एकच. तिच्या इंडिका या उपजातीत दक्षिण आशियाचे लागवडीचे झाड हा एक प्रकार, मध्य आशियाचे अफगाण झाड हा दुसरा, आणि या दोहोंचे रानटी सोयरे हे आणखी दोन प्रकार. हिमालयातल्या रानटी प्रकाराला त्यांनी हिमालयेन्सिस म्हटले आहे. दक्षिण आशियाच्या लागवडीच्या झाडात टीएचसीचे प्रमाण कॅनाबिडिऑलच्या, म्हणजे सीबीडीच्या, किमान सातपट असते. अफगाण झाडात हे अंतर कमी. सीबीडीने नशा येत नाही. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच या झाडांना नष्टप्राय म्हटले आहे, आणि त्याचे कारण पुढे येते.

कुलू किंवा कुमाऊँच्या उतारावर एकाच गावाच्या शिवारात लागवडीचे झाड आणि बांधाच्या कडेला आपोआप उगवलेले रानटी झाड शेजारी शेजारी वाढतात. वाऱ्याने उडणारा पराग दोहोंत सारखा फिरतो. म्हणून कुलूतले 'मलाण्याचे वाण' किंवा 'पार्वती खोऱ्याचे वाण' असे म्हणताना एखाद्या शुद्ध, एकजिनसी जातीची कल्पना करता येत नाही. त्या जागेच्या उंचीशी, पावसाशी, दिवसाच्या लांबीशी शतकानुशतके जुळत गेलेली ती एक सरमिसळ लोकसंख्या आहे. दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते आणि बर्फ पडण्याआधी बी धरते. गांजाच्या शेतीशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला गांजा पिकवताना पोद्दार नावाचा जाणकार शेतात फिरून नर झाडे हुडकून उपटून टाकी, म्हणजे मादी फुलोरा बिनबियांचा आणि राळदार राही. हिमालयात चरसासाठी चोळली जाणारी झाडे सहसा नर झाडांच्या संगतीतच वाढली आणि बी धरत राहिली. त्यामुळे वाणातली विविधता टिकली, आणि बी घरात खायलाही आले. कुमाऊँत भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणातली आहे. खोडाचा वाख दोरांना लागला, आणि कुलूत त्याच वाखाच्या पूला नावाच्या वहाणा विणल्या गेल्या. चरस हा या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक होता, ही गोष्ट नंतरच्या इतिहासात जवळजवळ पुसली गेली.

एकोणिसाव्या शतकात भारतात खपणारा बहुतेक चरस मात्र हिमालयाच्या या उतारावरचा नव्हता. तो यारकंदहून, आजच्या शिनजियांगमधून, येत असे. कोरड्या पद्धतीने काढलेली राळ तट्टांवर लादून साडेपाच हजार मीटरहून उंच काराकोरम खिंड ओलांडून लेहला, तिथून पंजाबात होशियारपूर आणि अमृतसरला पोहोचे. सरकारने त्यावर कर बसवला होता आणि हा व्यापार उघडपणे चाले. त्या मुलखात या राळेचे नाते फार जुने आहे. पामीरमधल्या जिर्झांकाल दफनभूमीतल्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी धूपपात्रांत टीएचसीचे प्रमाण जास्त असलेल्या भांगेचे अवशेष सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यारकंदची वाट १९३० च्या दशकात आटली, आणि त्यानंतर कुलू, काश्मीर व नेपाळच्या मालाला भारतीय बाजारात मोठे स्थान मिळाले.

ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली भारत सरकारने भांगेच्या पदार्थांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सातांपैकी तीन सदस्य भारतीय होते. ११९३ साक्षीदार तपासून आयोगाने १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिसेवनाने होते; तेव्हा बंदी न घालता परवाने आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे. आयोगापुढे मुंबई इलाख्याच्या बाबतीत विषय मुख्यतः गांजाचा होता. त्याची लागवड नगर जिल्ह्यात होत असे, मध्य प्रांतात खांडवा हे त्याचे केंद्र होते. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी आयोगाने एकेक करून तपासल्या आणि 'भांगेमुळे वेड' असे लिहिलेल्या कितीतरी प्रकरणांत तसा पुरावाच नाही असे दाखवून दिले. कारकुनी नोंदीवर विसंबून काढलेला निष्कर्ष किती फसवा असतो याचा इतका काटेकोर नमुना त्या काळात दुसरा क्वचितच असेल. मात्र तो अहवाल आजच्या तीव्र मालाला जशाच्या तसा लावता येत नाही, हेही तितकेच खरे.

भांगेच्या आधुनिक रसायनशास्त्राची सुरुवात चरसापासूनच झाली. केंब्रिजमधल्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये भारतीय चरसाच्या राळेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे कॅनाबिनॉल हे संयुग त्यांनीच वेगळे केले. हेच राळेतले मादक द्रव्य असा समज बरीच वर्षे टिकला. प्रत्यक्षात टीएचसीचे ऑक्सिडीकरण होऊन कॅनाबिनॉल बनते. जुन्या, हवेत राहिलेल्या चरसात ते जास्त असते आणि म्हणूनच जुना चरस मंदावतो. खरे द्रव्य सापडायला १९६४ उजाडले. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहीएल गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या लेबनॉनी हशीशमधून टीएचसी शुद्ध करून त्याची रचना ठरवली. मेंदूत ते ज्या ग्राहकावर बसते तो १९८८ मध्ये ओळखला गेला. १९९२ मध्ये शरीर स्वतः बनवते ते तसेच द्रव्य सापडले, आणि त्याला संस्कृत 'आनंद'वरून आनंदमाइड हे नाव मिळाले.

कुलू जिल्ह्यातले मलाणा हे गाव या साऱ्या चर्चेत सतत येते. पार्वती खोऱ्याच्या एका उपदरीत, सुमारे २६०० मीटर उंचीवर ते वसले आहे. जमलू देवतेच्या नावाने चालणारी ग्रामसभा, शेजारच्या बोलींशी न जुळणारी कणाशी ही भाषा आणि परक्यांचा विटाळ मानण्याची रूढी यांमुळे हे गाव मानववंशशास्त्रज्ञांना चरसाच्या आधीपासून माहीत होते. १९६० आणि ७० च्या दशकांत काबूलपासून मनाली, काठमांडू आणि गोव्यापर्यंत जाणारी पाश्चात्त्य तरुणांची वाट या भागातून गेली. काठमांडूत चरसाची परवानाधारक दुकाने होती. नेपाळ सरकारने १९७३ मध्ये ते परवाने रद्द केले. मनालीचा माल हणजुणेच्या किनाऱ्यावर पोहोचू लागला. मलाण्यात घरापुरते आणि देवळापुरते असलेले चोळकाम याच काळात नगदी धंदा बनले, आणि 'मलाणा क्रीम' हे नाव अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉफी शॉपांपर्यंत गेले. २००१ मध्ये मलाणा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला, रस्ता जवळ आला. २००८ च्या जानेवारीत आगीत गावातली बरीचशी जुनी लाकडी घरे जळाली. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा भाग मलाण्याचा नसतो.

भारतातला कायदा चरसाला भांगेच्या पदार्थांत सर्वांत कठोर वागणूक देतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानांना व्याख्येतून वगळले गेले, म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांवर राहिली. तुरे आणि राळ यांचा वैद्यकेतर वापर बंद करायला करार लागू झाल्यापासून २५ वर्षांची मुदत होती. तिच्या आत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजेच एनडीपीएस, आला. त्यात चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध. हशीश तेलही त्यातच धरले आहे. भांगेच्या लागवडीला आणि वापराला परवानगी देण्याचा अधिकार कलम १० राज्यांना देते, पण चरस वगळून. १०० ग्रॅमपेक्षा कमी चरस अल्प प्रमाण मानला जातो, १ किलोपेक्षा जास्त व्यापारी. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड आहे, आणि जामीन मिळणे कलम ३७ मुळे अतिशय अवघड होते. या सगळ्या मोजमापात टीएचसीचे प्रमाण कुठेच येत नाही. चोथ्याने भरलेली हलकी वळकटी आणि अत्यंत शुद्ध अर्क यांचे वजन सारखे असले की गुन्हा सारखा. ही या कायद्याची मोठी उणीव आहे, कारण ताकद आणि धोका यांचा संबंध वजनाशी नाही, द्रव्याशी आहे.

धोका खरा आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ३.१ कोटी भारतीय भांगेचा एखादा पदार्थ घेतात. त्यातले गांजा किंवा चरस घेणारे सुमारे १.३ कोटी, आणि ७२ लाखांना त्या सवयीसाठी मदतीची गरज आहे. त्याच वर्षी युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ केंद्रांच्या अभ्यासातून असे दिसले की टीएचसी १० टक्के किंवा अधिक असलेला माल रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट असते. चांगला चरस ही मर्यादा सहज ओलांडतो. किशोरवयात सुरुवात, घरात मानसिक आजाराचा इतिहास आणि रोजचे सेवन हे तीन घटक एकत्र आले की परिणाम सर्वांत गंभीर होतात. चिलमीत किंवा सिगारेटमध्ये चरस तंबाखूत मिसळून ओढला जातो, म्हणून तंबाखूची हानीही पदरात पडते. भेसळ आणि घाण वेगळीच: माद्रिदमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या हशीशच्या तपासणीत चारपैकी तीन नमुन्यांत विष्ठेतला ई. कोलाय जिवाणू निघाला.

गेल्या काही दशकांत अमेरिका आणि कॅनडात ब्युटेन किंवा कार्बन डायऑक्साइडने काढलेले अर्क आले. त्यांत टीएचसी ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. मानवी मेंदूला एवढ्या तीव्र मालाचा पूर्वानुभव नाही, आणि पारंपरिक चरसाचा इतिहास पुढे करून त्याला निर्धोक ठरवणे चूक आहे. हे अर्क मूळ वाणाची पर्वा करत नाहीत; कोणत्याही झाडातून द्रव्य ओढून घेता येते. हाताच्या चरसात जागेचा आणि झाडाचा गंध उरतो, कारण राळेतली सुगंधी द्रव्ये झाडागणिक बदलतात.

आणि नेमके हेच झाड नाहीसे होते आहे. पाश्चात्त्य बाजारासाठी अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन झाडांच्या संकरातून बनवलेली बियाणी गेली काही दशके परदेशी पाहुण्यांच्या खिशांतून पार्वती खोऱ्यात उतरली. ती लवकर फुलतात, राळ जास्त देतात. पराग मैलोन्‌मैल उडतो, म्हणून एका शेतातला संकर शेजारच्या शिवारात आणि तिथून रानटी झाडांतही शिरतो. दुसरीकडे पोलीस आणि वनखाते दरवर्षी उभी झाडे उपटतात. चोळकाम मग आणखी उंच, दुर्गम जंगलातल्या शेतांवर सरकते आणि त्यासाठी झाडी तोडली जाते. मोरोक्कोत हेच घडले. तिथल्या रिफमधले बेलदिया हे स्थानिक वाण खर्दालासारख्या संकरांनी मागे ढकलले. संकर पाणी अतोनात पितात, डोंगरातले झरे आटतात, आणि शेतकरी बियाण्यासाठी परावलंबी होतो.

औद्योगिक भांगेच्या धोरणातही मूळ वाणाला जागा नाही. उत्तराखंडाने २०१८ मध्ये देशात प्रथम परवाना दिला तो टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या झाडासाठी. ही मर्यादा १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखलेली रेघ होती. ती नशेची किंवा सुरक्षिततेची मोजणी नव्हती. नंतर ती देशोदेशींच्या कायद्यांत शिरली. डोंगरातले स्थानिक झाड बहुधा तिच्या पलीकडे पडते, म्हणून शेतकऱ्याला बाहेरचे बी आणावे लागते, आणि त्याचा पराग पुन्हा स्थानिक झाडांवर जातो. हिमाचल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी भांग आणि तिची राळ १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढली, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले होते. मोरोक्कोने २०२१ च्या कायद्याने औषधी आणि औद्योगिक लागवड खुली केली, आणि तिथे बेलदियालाही परवान्याखालच्या शेतीत जागा मिळाली. हिमालयात अशा कामाची पहिली पायरी नशेच्या प्रश्नापासून वेगळी काढता येण्यासारखी आहे: खोऱ्याखोऱ्यांतून, संकर पोहोचण्याआधी, रानटी आणि लागवडीच्या झाडांचे बी गोळा करणे, ते बीजपेढीत ठेवणे, आणि कोणत्या उंचीवर, कोणत्या गावात, कोणाकडून ते मिळाले याची नोंद करणे. झाडे अजून उभी आहेत तोवरच ती करता येईल.